शिवलेली झडप

आमच्या मालकानं कपाशीचं बियाणं विकता विकता जुनी, उघडी स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या काढून ठेवता येणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडल्या, म्हणून मी त्या देऊळघाटच्या एका सीट-कव्हरवाल्या चाचांकडे नेल्या. खिडकीतली हात बाहेर काढायची झडपही शिवून घे, असं मालकानं बजावलं होतं. बोंडअळी पडल्यापासून शेतकरी तिच्यातून किडकी बोंडं आत टाकत होते.

चाचांचीही कपाशी गेली होती. नवं प्लास्टिक उजेडात धरून त्यांनी निरखलं, बसवलं, झडपेवर दुहेरी टीप मारली आणि दातानं दोरा तोडला.

"मालकाले सांगजा, आता अळी आत जाणार नाही. बियाणं देतानी त्यायनं आमाले असंच सांगतलं होतं."