सरूकाकूंनी पाहिलेला शेवट

सरूकाकू आज सकाळी साडेदहाला गेल्या.

घोडेगावात आम्ही दाखवलेला तो भयंकर सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेली एकमेव व्यक्ती. आयोजक मी होतो, तरीही त्या एकट्याच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ज्यांना तो किस्सा माहीत नाही त्यांच्यासाठी.

सहा-सात वर्षांपूर्वी आम्हा चार मास्तरांना फिल्म क्लब काढायची खुमखुमी आली. पुण्याच्या एका मित्राने हार्ड डिस्कवर एक परदेशी सिनेमा दिला. म्हणाला, "फेस्टिव्हलला लोक उठून गेले होते. एकाला तर चक्कर आली."

झालं. आम्हाला तोच दाखवायचा होता.

सिनेमा असा: एक खोली, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, त्याचं करणारा मुलगा. अडीच तास. म्हाताऱ्याचं शरीर संपत जातं आणि कॅमेरा तिथून हलतच नाही.

फ्लेक्स करायला टाकला. फ्लेक्सवाल्याने लग्नाच्या फ्लेक्सच्या सवयीने खाली आपणहून टाकलं, "सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे."

प्रूफ मीच पाहिलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. फ्लेक्स म्हटला की ती ओळ असतेच.

त्यामुळे रविवारी दुपारी मंगल कार्यालयात माणसं लेकराबाळांसकट आली. नऊवारीतल्या आज्या पुढच्या खुर्च्यांवर. आधी प्रमुख पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग सिनेमा.

लग्नात डीजे लावणाऱ्या सलीमभाईंनी साउंड लावला तो वरातीचा. म्हाताऱ्याची घरघर एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेली म्हणे.

दहाव्या मिनिटाला पोरं रडायला लागली. विसाव्याला प्रमुख पाहुणे नारळ पिशवीत टाकून निघाले. एक जण माझ्या कानाशी येऊन, "राव, यात गाणं-बिणं हाय का न्हाई?"

सलीमभाई, "सर, आवाज कमी करू, का बंदच करू?"

मग तो सीन आला. मुलगा म्हाताऱ्याला कुशीवर वळवतो आणि पाठ दिसते. पाठ कसली, नुसती जखम.

मागे कुणाला तरी उलटी झाली. खुर्च्या पडल्या. हॉल एकदमच उठला.

त्या गर्दीत मीही उठलो. लोकांना समजवायला जातोय असा चेहरा करून. खरं म्हणजे मलाच ते बघवत नव्हतं. दोन तास कार्यालयामागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो.

परत आलो तर पडदा पांढरा. सलीमभाई वायर गुंडाळत होते. आणि तिसऱ्या रांगेत एकट्या सरूकाकू, पदर नीट करत.

काकू आमच्या शेजारच्या. माहेर भीमाशंकरच्या वाटेवरचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अंथरुणावरच्या सासूचं मात्र नऊ वर्षं केलं.

"काकू, तुम्ही कशाला बसलात?"

"सहकुटुंब या म्हटलं व्हतं ना? माजं कुटुंब म्हंजी मीच."

"त्रास नाही झाला बघताना?"

"त्रास कसला? त्या पोराला कूस बदलाया कुणी शिकवलंच न्हाई. दर दोन तासाला बदलली असती तर एवढी पाठ गेली नसती."

संपलं समीक्षण.

मी खडा टाकून पाहिला. "आणि शेवट कसा वाटला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कुटं व्हता, मास्तर?"

"मागे होतो."

मग एक पडलेली खुर्ची उभी करून त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी याच प्रोफाइलवर लांबलचक पोस्ट टाकली. आपल्या लोकांना अजून सिनेमा बघता येत नाही, वगैरे. शेवटच्या दृश्यातल्या मुक्तीच्या प्रतीकावर दोन परिच्छेद. न पाहिलेल्या दृश्यावर! तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलं होतं. सॉरी.

दोन वर्षांनी माझे वडील, आबा, पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं.

काकू न बोलावता आल्या. दुमडलेल्या चादरीवर माणूस कसा वळवायचा, दोन गुडघ्यांत उशी कशी ठेवायची, टाचा गादीला कशा टेकू द्यायच्या नाहीत, सगळं माझ्याकडून करून घेतलं. दोन तास झाले की भिंतीपलीकडून हाक यायची.

"मास्तर, कूस!"

आबांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांना घरघर लागली. सिनेमातला तोच आवाज. मी ताडकन उठलो. "डॉक्टरांना घेऊन येतो."

काकूंनी मनगट धरलं. "डागदर आत्ता येऊन गेलं. बसा. तवाबी तुमी असंच उठला व्हता."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. गावात कधी अवाक्षर काढलं नाही.

मी बसलो. आबांचा हात हातात होता. भीती वाटत होती, पण बसलो. आज वाटतं, त्या दिवशी बाहेर गेलो असतो तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

तेराव्यानंतर एकदा धीर करून विचारलं, "काकू, त्या सिनेमाचा शेवट काय होता हो?"

"कायबी न्हाई. म्हातारा जातो. पोरगं उशाशी बसून ऱ्हातं. लई येळ. मग संपतं."

प्रतीक-बितीक काही नव्हतं.

या महिन्यात काकूंनीच अंथरूण धरलं. मंचरहून त्यांची भाची येऊन राहिली. बायको होती, मी होतो. दर दोन तासांनी मी म्हणायचो, "काकू, कूस." त्या डोळे मिटूनच हसायच्या. एकदा म्हणाल्या, "उशी चुकली, मास्तर."

आज सकाळी घरघर सुरू झाली. भाची फोन करायला बाहेर धावली.

मी उठलो नाही.

घरघर थांबल्यावरही बराच वेळ बसून होतो.

मग बायकांनी शेवटची आंघोळ घातली. बायको बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "पाठ स्वच्छ होती."

तिथे मला रडू आलं.

ती जुनी पोस्ट आज काढून टाकतोय.

काकू, या वेळी शेवटपर्यंत होतो. नमस्कार.