जेवणाच्या वेळी भांडणाऱ्या अक्का

इंदूअक्का दिवसभर कुणाशी वाकडं बोलत नसत. भांडत त्या फक्त जेवणाच्या वेळी. ताटं आली की पदर खोचून एकेका खाटेशी उभ्या राहत आणि समोरचा माणूस जुना असो की कालच आलेला, त्याच्याशी उकरून वाद काढत. कुणाच्या गावाला नावं ठेवत, कुणाच्या जावयाला. आमच्या आबांसाठी त्यांनी भरीत निवडलं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. आबा म्हणजे माझे वडील, सोनगीरचे. खुब्याचं हाड मोडून त्यांचं ऑपरेशन झालं होतं. आमचं जळगावातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही आणि आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर. म्हणून जिना चढता येईपर्यंत त्यांना पिंप्राळ्यातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीत बँकेतून स्कूटीवर गेले, तर एक ठेंगणी म्हातारी आबांच्या तोंडाशी वाकून ओरडत होती, "सोनगीरवाल्यांले भरीत काय कयतं? वांगं चुलीत घालतात आन राख खातात!"

दुखणाइताशी बोलायची ही रीत झाली का, असं काहीतरी मी तावातावानं बोलले. तेवढ्यात आबांचे मिटलेले डोळे उघडले. "राख तुमना गावमा खातस," ते पुटपुटले. बाईंनी लगेच घास त्यांच्या तोंडात दिला. आबांनी तो नीट चावला, गिळला.

"पाह्यलं?" त्या माझ्याकडे वळल्या. "झोपेल माणसाच्या तोंडात घास देऊ नही, पोरी. पोटात जायाचा सोडून भलतीकडं जातो. आन तुह्या बापाले राग आल्याबगर जाग येत नही."

अशी आमची ओळख. अक्का फैजपूरकडच्या, केळीवाल्या घरातल्या. मूलबाळ नव्हतं. शेत पुतण्याकडे होतं आणि तो अधूनमधून केळीची फणी घेऊन भेटून जाई. अंगानं काटक, गुडघेसुद्धा शाबूत. चालत्या-फिरत्या माणसांना त्या आश्रमात खालच्या मजल्यावर खोल्या होत्या, कुंड्या होत्या, टीव्ही होता. नातेवाईक आले की त्यांना तिथूनच फिरवून आणत. वर होते ते खाटेला खिळलेले. अक्कांना खालची खोली देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. "खाली काय करू? तठी समदे आपल्या हातानं जेवतात," असं त्या म्हणत. मला वाटे, खोड असेल. म्हातारपणी कुणाला काय गोड वाटेल सांगता येत नाही.

आबांची झोप मात्र मला खाऊ लागली होती. ऑपरेशननंतर दवाखान्यात ते काठी धरून चार पावलं टाकत होते. इथं आल्यावर दिवसेंदिवस निजून. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी त्यांना हलवून हलवून थकायची आणि निघून जायची. चालले नाहीत तर जिना कसला चढणार, आणि जिना चढले नाहीत तर घरी कसे येणार? मॅनेजरांना विचारलं, तर ते अगदी समजूत घातल्यासारखे बोलले, "ताई, मागे वर एक आजोबा खाटेवरून पडले. केवढा बोभाटा झाला! वर माणूस एकच आहे आमचा. झोपलेला माणूस पडत नाही." मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नाही.

मग मी डॉक्टरांना गाठलं. दर आठवड्याला येत. तरुण होते, बोलायला लाघवी. खाली ऑफिसात बसून चहा घेत, जे ऑफिसपर्यंत चालत येतील त्यांचं ब्लडप्रेशर बघत आणि वरच्यांविषयी मॅनेजरांना विचारत, "वरचे सगळे बरे ना?" मॅनेजर मान डोलावत. माझ्या आबांबद्दल म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं. या वयात एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं." त्या दिवशी मी गाडीला किल्ली लावून नुसतीच बसून राहिले. माणूस उतरणीला लागला म्हणतात तो असा, हे मी जवळजवळ मानलंच होतं.

अक्कांनी मानलं नव्हतं. "दोन्ही टाइम झोपेची गोयी देतात वं त्याले. दवाखान्यातून निंघतांना थोड्या दिसांसाठी लिहेल व्हती, ती बंद करा म्हनून सांगनार कोन? अठी रीतच तशी हाये. ज्याले जिना उतरता येतो त्याले दागदर, ज्याले नही येत त्याले गोयी."

माझा संताप संताप झाला. मी तक्रारीचा अर्ज करते म्हटलं, वकील बघते म्हटलं. अक्का केळ सोलत ऐकत होत्या. "कर. पन अर्जाचं उत्तर येईलोक तुह्या बापाचे पाय राहतीन का? त्या दागदरले आधी वर आनू. पोरगं वाईट नही ते. त्यानं पाह्यलंच नही, ते काय करीन?" मग विचारलं, "भरीत आवडत असीन ना त्याले?"

जळगावात हा प्रश्न कुणाला विचारायची गरज नसते. हिवाळा होता. अक्कांच्या पुतण्यानं हिरवी, हातभर लांब वांगी आणली, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा आणला आणि वांगी ठेचायची लाकडी बडगीही आणली. आश्रमाच्या गच्चीवर जाळ झाला. वास सगळ्या गल्लीत गेला. डॉक्टर आले, ऑफिसात टेकले, तोच अक्का जिन्यावरून ओरडल्या, "पंगत वर हाये, दागदर! खाली काही मियनार नही!" खानदेशात भरताच्या पंगतीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. मॅनेजर "प्लेट खालीच मागवतो" म्हणत राहिले आणि डॉक्टर जिना चढलेसुद्धा.

वरच्या हॉलमध्ये खाटांच्या मधल्या जागेत अक्कांनी पट्ट्या अंथरल्या होत्या. खाटेवरच्यांची ताटं खाटेवर. डॉक्टरांना त्यांनी बरोबर आबांच्या समोर बसवलं. पुऱ्या आल्या, भरीत आलं, वर कांद्याची पात. डॉक्टरांनी हात पुढे केला तशा अक्का म्हणाल्या, "थांबा. पंगतीत वडील माणसानं घास घेतल्याबगर कोनी हात लावू नही. अठी आबा वडील."

सगळे थांबले. आबांचं ताट त्यांच्या मांडीवर होतं आणि मान छातीवर. मी हाक मारली. डॉक्टरांनी मारली. अक्का एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी आबा जागे झाले असते, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी अक्का भांडल्या नाहीत. हाताची घडी घालून गप्प उभ्या राहिल्या. भरीत निवत चाललं. शेजारच्या खाटेवरची आजीही घोरत होती, तिच्या पलीकडचे आजोबाही. डॉक्टरांनी हॉलभर नजर फिरवली आणि त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळत गेलेलं मी पाहिलं.

ते उठले. आबांची नाडी बघितली, पापण्या उघडून बघितल्या आणि गोळ्यांचा डबा मागवला. मॅनेजर काहीतरी सांगू लागले, त्यांना हातानंच थांबवलं. मग एकेक खाट. शेजारच्या आजीला कुशीवर वळवलं, तर पाठीला तळहाताएवढी चिघळलेली जखम. "मी यांना कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, कळलं नाही.

"आता पाह्यलं ना?" अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता. "हात धुवा आन बसा. उपाशी माणूस कोनाले काय बरं करीन?"

त्या आजीला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवलं. आबांची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. त्यानंतर डॉक्टर आले की आधी वर जात. वर दुसरा माणूस ठेवल्याशिवाय आपण येणार नाही असं त्यांनी बजावल्यावर तोही ठेवला गेला. आणि आबा जागे झाले, चिडचिडे, हट्टी, अगदी आमचे आबा. उन्हाळा लागता लागता ते काठी टेकत आमचा जिना चढले. मी दारात उभी राहून चक्क रडले.

त्यांना न्यायला गेले त्या दिवशी अक्का आबांच्या रिकाम्या खाटेची चादर काढत होत्या. मी त्यांच्या पाया पडले. त्या चादरीकडे बघत म्हणाल्या, "याच खाटेवर माहे घरचे, माहे मालक व्हते. दुपारचं जेवता जेवता गेले. गोयीच्या झोपेत भरवत व्हते त्याहिले. घास अडकला. लोक म्हने, झोपेत गेले, पुन्यवान. मीबी बाजूलेच बसेल व्हती. त्याहिची झोपमोड नको म्हनून गप." चादरीची घडी त्यांनी दोनदा मोडून पुन्हा घातली. "उभ्या जन्मात माह्या घरच्यासंगं मी भांडली नही, पोरी. त्या दिशी भांडाले पाहिजे व्हतं."

पुढच्या हिवाळ्यात अक्का खाटेला खिळल्या. वरच, त्याच हॉलमध्ये. औषध नेमकं होतं, डॉक्टर येत होते, पण शरीरच दमलं होतं. आबा रोज दुपारी रिक्षा करून जायला लागले. मी एकदा सोबत गेले. अक्कांचे डोळे मिटलेले. आबांनी खुर्ची ओढली, काठी आपटली आणि सगळा हॉल दणाणून सोडला, "अक्का! तुमना भरीतमा काय शे? बठ्ठं तेलच शे!"

डोळे उघडले. "तेल? तुम्हाले... भरितातलं काय कयतं?" आबांनी पटकन भाताचा घास पुढे केला. अक्कांनी तो चावला, गिळला आणि पुन्हा भांडायला तोंड उघडलं.

त्या गेल्या तेव्हा आबा तिथंच होते. पुतण्याच्या दारावर सांत्वनाला बसायला आलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, झोपेत गेल्या असतील, सुटल्या. आबा एकदम ताठ झाले.

"नही," ते म्हणाले. "जागी व्हती. माले वांगं कसं भाजानं ते सांगी राह्यंती."