सात नंबरची ट्यूब

आधीच सांगते, मी गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर फक्त वाचायला यायची, आणि खरं सांगायचं तर हसायला. आमच्या घरी नवस नाही, अंगारा नाही, कोणाची नजर काढणं नाही. बाबा मूर्तिजापूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. 'कारण सापडत नाही म्हणजे शोधणं कमी पडलं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीही तेच मानते. म्हणून तर हे लिहिताना अवघड होतंय...

मी अमरावतीला पीएचडी करते. विषय थोडक्यात सांगते. कपाशीच्या पानातून आरएनए काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या मशीनवर त्या तुकड्यांचं वजन करायचं. अडचण मिठाची. सोडियम आरएनएला असा चिकटतो की एकाच तुकड्याची पाच-सहा वजनं दिसतात. खडे न निवडता तूर मोजल्यासारखं. मशीनवर जाण्याआधी सॅम्पल जास्तीत जास्त स्वच्छ कसं करायचं, हेच माझं काम. मशीन आमच्याकडे नाही, सॅम्पल पुण्याला पाठवावे लागतात.

पहिल्या खेपेला बारा ट्यूब केल्या. सगळ्यांत एकाच पानाचा आरएनए, फक्त धुण्याची पद्धत वेगळी. सात नंबर मुद्दाम जुन्या पद्धतीने ठेवला होता, काहीच सुधारणा न करता, तुलनेसाठी. म्हणजे सगळ्यात घाण तोच यायला हवा.

पुण्याचा रिपोर्ट आला. अकरा ट्यूब कमी-जास्त खारट. सात नंबर एकदम स्वच्छ, सोडियमचा मागमूस नाही.

मला आनंद नाही झाला, संशय आला. दुसऱ्या खेपेला सगळं तसंच पुन्हा केलं. सकाळी फ्रीझर उघडला तर सात नंबरच्या झाकणावरचा आकडा भिंतीकडे फिरलेला! मी सगळे आकडे माझ्याकडे तोंड करून ठेवते, सवयच आहे. रिपोर्ट आला... पुन्हा सातच स्वच्छ.

फ्रीझरच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक मयूरीकडे. मयूरी माझी लॅबमेट, धामणगाव रेल्वेची. तीन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिचं कामही आरएनएचंच. मला वाटलं, हिला चांगली पद्धत सापडली आहे आणि ही ती माझ्या ट्यूबवर गुपचूप करून बघते. नाहीतर माझं काम खोटं पाडायचं आहे तिला.

दुपारी डबा खाताना विचारलंच. तिने घास खाली ठेवला.

"मी काहून हात लावू तुह्या ट्यूबले? माह्या जवळ माहं काम कमी आहे काय?"

"मग किल्ली कोणाजवळ आहे दुसरी?"

 तिने किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि उठून गेली. त्याच संध्याकाळी मी आमच्या गाइड मॅडमना लेखी तक्रार दिली. आठवड्याभरात मयूरीने गाइड बदलून घेतला आणि महिनाभराची सुट्टी टाकून धामणगावला निघून गेली. मला वाटलं, खरं असल्याशिवाय कोणी असं जात नाही.

तिसऱ्या खेपेला आमचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवायचं मशीन, बंद पडलं, म्हणून अकोल्याच्या एका लॅबमध्ये जाऊन सगळं केलं. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. या वेळी मी सात आकडाच वापरला नाही. एक ते सहा, मग आठ ते तेरा. बारा ट्यूब, प्रत्येकीत मोजून वीस मायक्रोलिटर. बर्फाच्या डब्यात ठेवल्या, डब्याच्या झाकणाला चारही बाजूंनी टेप लावली, टेपवर सह्या केल्या. दुपारची बस पकडली. डबा मांडीवर. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली, चहाला सगळे उतरले, मी जागची हलले नाही. डोळा लागला असेल म्हणाल... नाही लागला.

अमरावतीला पोचले, सरळ मॅडमच्या टेबलावर डबा ठेवला. सह्या जशाच्या तशा. टेप मॅडमनीच कापली.

आत तेरा ट्यूब होत्या.

सहा आणि आठच्या मधे एक. झाकणावर ७.

मॅडमनी ती उजेडात धरली, मग माझी नोंदवही ओढून घेतली आणि जुने आकडे बघितले. मी ७ची शेपटी जरा जास्तच लांब ओढते.

"प्रज्ञा, हे अक्षर तुझंच आहे."

"हो मॅडम."

"मग?"

 बाकीच्या बारा ट्यूब आम्ही तिथेच मोजल्या. वीस म्हणजे वीस, एकीतूनही थेंब कमी नाही. मग या जास्तीच्या ट्यूबमधला आरएनए आला कुठून? मॅडम म्हणाल्या, तेराही पुण्याला पाठव. रिपोर्टमध्ये सात नंबर आरशासारखा स्वच्छ होता आणि आरएनए त्याच पानाचा.

मॅडम रागावल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावर काम करताना कोणी ना कोणी शेजारी उभं राहायला लागलं. मी थेंब मोजायचा पिपेट उचलला की त्यांची नजर माझ्या हातावर. मी मयूरीसोबत काय केलं होतं, ते तेव्हा मला कळलं.

रविवारी धामणगावला गेले. तक्रार मागे घेतल्याचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली.

"चहा घेशीन?" एवढंच म्हणाली.

चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं. अकोला, टेप, सह्या, तेरा ट्यूब. ती ऐकत होती. मला वाटलं, निदान ही तरी मानेल. मी रिकामा कप ठेवला तेव्हा ती हळूच म्हणाली, "प्रज्ञा, आता मॅडम नाही इथं. खरं सांग. तूच ठेवली होती ना ती?"

मी नाही म्हटलं. शपथ घेतली. तिने मान हलवली, वाद घातला नाही.

प्रबंधात मी बाकीच्या पद्धतींमधली थोडीफार सुधारणा लिहिली आहे. सात नंबर घेतला नाही. जी गोष्ट कशी झाली ते मला माहीत नाही, ती पद्धत म्हणून कशी लिहू? मयूरी आता बोलते, सणावाराला मेसेज करते. पण तिने तो प्रश्न विचारला तेव्हा माझं उत्तर एक क्षण उशिरा आलं होतं... का, ते मला आजही सांगता येत नाही.