बाई, आज भाजी काय केली?

रशीदभाई गेले, हे मला आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. सकाळी साडेआठची वेळ, मी गवार मोडत बसले होते. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि वर एका ओळीत, 'आपल्या मुलाखतींचे जुने ध्वनिमुद्रक रशीदभाई यांचे निधन.' माणूस गेल्याचं कळल्यावर मनात जे पहिल्यांदा येतं ते खरं, बाकीचा नंतरचा शिष्टाचार. तर खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे : आता त्या कॅसेटी कोणाच्या हाती पडणार? डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप केलं आणि पुन्हा गवारीला लागले. आज पाच आठवड्यांनी हे लिहिताना त्या सकाळची मला लाज वाटते.

मी कॉलेजात मराठी शिकवायची आणि मंडळासाठी प्रकट मुलाखती घ्यायची. मोठमोठी माणसं आमच्या नाशकात येऊन गेली, लेखक, गायक, नट, विचारवंत. स्टेजवर दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, टेबलावर माईक, आणि विंगेत स्टुलावर कानाला हेडफोन लावून रशीदभाई. मूळचे घोटीचे. वडील तांदळाच्या गिरणीत होते, हे मात्र तरुणपणीच नाशकात आले आणि जुन्या नाशकात लाउडस्पीकरचं दुकान टाकून बसले. लग्न, सभा, उरूस, गणपती, सगळीकडे त्यांचेच भोंगे. पण मुलाखतीचं रेकॉर्डिंग ते स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. 'लग्नात वाजवतो ते पोटासाठी, बाई. हितं ऐकायला येतो,' असं म्हणायचे. दर दिवाळीला घोटीच्या नव्या तांदळाची पिशवी माझ्या दारात. माझा स्वभाव जन्मजात संशयी. दूधवाल्याचं माप मी अजून डोळ्यांत तेल घालून बघते. त्यामुळे तांदूळ शिजायला टाकतानाही मनात यायचंच की हा माणूस उगाच कशाला देतोय?

त्यांची आवाज तपासायची एक रीत होती. बाकीचे 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' करतात, ते त्यांना अजिबात चालायचं नाही. म्हणायचे, एक-दोन-तीन म्हणताना कुणी खरं बोलत नाही, सगळे शाळेतल्यासारखं बोलतात. मग ते विंगेतून विचारायचे, 'बाई, आज भाजी काय केली?' मी सांगायची, मेथी, दाण्याचं कूट घालून. किंवा, काही नाही हो, पिठलं टाकलं. तेवढ्यात ते मशीनचा काटा जुळवून घ्यायचे. पाहुण्यांनाही तेच. एका जाडजूड विचारवंतांना त्यांनी 'सर, सकाळी काय जेवलात?' विचारलं तेव्हा मी धरणीत गडप व्हायच्या बेतात होते, पण ते गृहस्थ असे खुलले की हॉटेलातल्या इडलीवर दहा मिनिटं बोलले. त्या दिवशीची मुलाखत फार रंगली.

दुसरी रीत मात्र मला खटकायची. रशीदभाई कॅसेट अर्धी सोडत नसत. कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, लोक उठले, तरी मशीन चालूच. त्या बाजूची फीत संपून खटका आपोआप वर येईपर्यंत ते बंद करायचे नाहीत. 'अर्धी सोडली की पुढं कुणीतरी तीवर गाणी भरतं,' हे त्यांचं कारण. मला ते कधी पटलं नाही. कारण टेबलावरचा माईक तसाच जिवंत असायचा आणि मोठी माणसं खरी बोलतात ती टाळ्यांनंतर! कुणाला कोणाचा पुरस्कार खुपतोय, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, हे सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांत. शिवाय मंडळाला ते कॉपी द्यायचे, ती टाळ्यांशी संपलेली. मूळ कॅसेट स्वतःजवळ. मी दोन-तीनदा मागितली, तर हसून म्हणाले, 'मूळ माझ्याकडं राहू द्या, बाई. तुमच्या घरी ओल हाय.' माझ्या घरी ओल नव्हती. इथे कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

मग त्या आल्या. त्यांचं नाव मी घेणार नाही. रंगभूमीवरचं फार मोठं नाव, एवढंच. मुलाखत अशी झाली की लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या गडबडीत, खुर्चीवर बसल्या बसल्याच, त्यांनी माझा हात धरला आणि वाकून सांगितलं की हल्ली वाक्यं आठवत नाहीत. विंगेतून कुणीतरी शब्द पुरवतं तेव्हा प्रयोग निभतो. डॉक्टरांना दाखवायचीही भीती वाटते. 'तुम्ही आहात म्हणून सांगते... हे इथंच राहू द्या.' मी म्हटलं, ताई, या कानाचं त्या कानाला कळणार नाही.

दोन आठवड्यांनी ते छापून आलं. नाव न घेता, पण आंधळ्यालाही कळावं असं. महिन्याभरात त्यांचं नवं नाटक दुसऱ्या बाईंना गेलं. त्यांचा मला एकच फोन आला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. 'मी तुमच्याशीच बोलले होते,' इतकंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. पुन्हा त्यांनी माझ्याशी बोलणं ठेवलं नाही, आता त्याही नाहीत. त्या फोननंतर मी पेटले. मी तर कुणाला बोलले नाही! मग राहिलं कोण? विंगेतले कान आणि टेबलावरचा माईक.

समितीची बैठक बोलावली. रशीदभाईंनाही बोलावलं. ते नेहमीचा पांढरा शर्ट घालून दारापाशी उभे होते, त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही. सगळ्यांदेखत मी म्हटलं, 'मूळ कॅसेट आणून द्या. आत्ता.'

ते म्हणाले, 'ती नाय देता येणार, बाई.'

'का?'

'नाय देता येणार.'

'म्हणजे तुम्हीच विकलंत!'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'तुम्हाला तसं वाटतं?'

'वाटत नाही,' मी म्हटलं, 'खात्री आहे.'

ते दारातूनच निघून गेले. देत नाही म्हणजे चोर, याहून वेगळा पुरावा कोणाला लागतो? त्यांचं काम बंद झालं. शेजारी बसलेली माझी मैत्रीण सुमन, मंडळाची चिटणीस, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'जाऊ दे गं, आपणच साधे.' पुढची दोन-तीन वर्षं त्यांना दुसऱ्या सभागृहांतही कुणी बोलावलं नाही. नाशिक तसं लहानच गाव आहे, आणि माझा आवाज मोठा.

त्यानंतर त्यांची माझी एकदाच गाठ पडली. सात-आठ वर्षं झाली असतील. पंचवटीच्या भाजीबाजारात मी पिशवी भरून वळले तर समोर रशीदभाई. दाढी पांढरी झालेली, पाठ थोडी वाकलेली. क्षणभर दोघंही तिथंच थबकलो. मग त्यांनी माझ्या पिशवीकडे बघून, अगदी विंगेतून विचारावं तसं विचारलं, 'बाई, आज भाजी काय केली?' मला वाटलं, टोमणा मारतोय! इतकं करूनसवरून वर माझी थट्टा! मी पाठ फिरवली आणि रिक्षात बसले. ते तिथंच उभे होते, एवढं रिक्षाच्या आरशात दिसलं.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी त्यांची मुलगी नसरीन माझ्याकडे आली. उर्दू शाळेत शिकवते, बोलणं अगदी नेमकं. तिने रिक्षातून एक पत्र्याची ट्रंक आणि जुना टेपरेकॉर्डर उतरवला. 'बाईंच्या कॅसेटी बाईंनाच द्यायच्या, असं अब्बांनी सांगून ठेवलं होतं.' मी तिला चहा विचारला, पण नजर ट्रंकेवर. आत्ताच कशा परत आल्या? इतकी वर्षं का नाही? यांच्या कॉप्या आणखी कुणाकडे आहेत का? ती जिना उतरते न उतरते तोच मी कुलूप उघडलं. ऐकायला नव्हे हो, पुरावा शोधायला. म्हातारपणी तरी माझं खरं ठरावं, ही हौस.

ट्रंकेत कॅसेटी ओळीने लावलेल्या, मध्ये कडुनिंबाचा पाला. प्रत्येकीवर त्यांच्या गोल अक्षरात पाहुण्याचं नाव आणि त्याखाली भाजी. कवी, मेथी. गायक, दुधी. तो विचारवंत, पिठलं, कंसात इडली. मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. ताईंच्या कॅसेटवर लिहिलं होतं, 'बाई आणि ताई, शेपू'. तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडलेले होते, म्हणजे तीवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून. भर दुपारी, खिडक्या लावून, मी ती मशीनमध्ये घातली.

शेवटची बाजू लावली. मुलाखत संपली, टाळ्या सुरू झाल्या. ताईंची कुजबुज आता येणार, मग मी नसरीनला फोन करणार, म्हणणार, ऐक तुझ्या अब्बांचे उद्योग... कुजबुज आली. पण टाळ्या आणि खुर्च्या सरकण्याच्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं. मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. नुसती गुणगुण. या फितीवरून कुणाला काही कळणं शक्यच नव्हतं. मग छापून आलं ते आलं कुठून? मी फीत तशीच पुढे जाऊ दिली. लोकांचा आवाज विरला. कुणीतरी झाडू मारत होतं. आणि मग रशीदभाई, जवळून, अगदी स्पष्ट :

'बाई, माईक चालू हाय हं. कॅसेट संपायचीय अजून.'

त्यावर माझा आवाज. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. 'असू दे हो रशीदभाई, तुमच्यापासून काय लपवायचंय!' मग शालींच्या घड्या करण्याचा सळसळाट, आणि पुन्हा मीच, 'सुमन, इकडे ये. कोणाला सांगू नकोस हं, पण ताईंना म्हणे हल्ली...'

सगळं. शब्दन् शब्द. विंगेतून पुरवणारं माणूस, डॉक्टर, भीती. सुमनच्या 'अगं बाई, हो?' सकट. सुमनचा जावई वर्तमानपत्रात होता, हे तेव्हा सगळ्या नाशकाला माहीत होतं. मलाही होतं. मग खटका वर आला आणि फीत थांबली.

मला हे आठवत नव्हतं, यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. आपण बोललो ते विसरायचं आणि दुसऱ्याने ऐकलं ते लक्षात ठेवायचं, ही माझी जन्माची खोड. तोंडात तीळ भिजत नव्हता तो माझ्या, आणि मी दुसऱ्याचे कान पकडत राहिले. समितीपुढे ती मूळ कॅसेट ठेवली असती तर ते दोन मिनिटांत सुटले असते आणि मी कायमची उघडी पडले असते. म्हणून ती 'नाय देता येणार' होती. आणि बघा, स्वभावाला औषध नाही : हे सगळं कळल्यावरही माझ्या मनात आलंच, की जपून का ठेवली मग? जाळली का नाही? कधीतरी माझ्यावर सूड उगवण्यासाठी? शेवटी राहवेना, नसरीनला फोन केला. तिने ती ऐकली होती का, विचारलं.

'नाही. अब्बांनी मना केलं होतं.'

'मग त्यांनी मला एकटीला तरी का नाही सांगितलं गं? एकदा सांगायचं होतं!'

'मी पण त्यांना विचारायची, बाईंशी बोलत का नाही? तर म्हणायचे, बाईंना आठवलं की बाई येतील.'

ज्या समितीपुढे मी त्यांना चोर म्हटलं, तिच्यातली निम्मी माणसं आता नाहीत. सुमनही नाही. म्हणून हे छापून देते आहे, जिथे ताईंबद्दल छापून आलं होतं तशाच कागदावर, आणि या वेळी नाव झाकून नाही : ते मी बोलले होते. रशीदभाईंनी मला सावध केलं होतं, आणि पुढे मला वाचवलंही होतं.

टेपरेकॉर्डर आता स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर आहे. रोज सकाळी एक कॅसेट लावते. मुलाखत ऐकत नाही, नुसती सुरुवात. खरखर होते, मग विंगेतून प्रश्न येतो, आणि कॅसेटमधली ती तरुण बाई झटकन उत्तर देते, मेथी, दुधी, शेपू. तिला बरं सुचायचं उत्तर द्यायला. पंचवटीतल्या त्या सकाळचं राहिलंय ते माझ्याकडेच.

गिलके होते हो पिशवीत, रशीदभाई. गिलके केले होते त्या दिवशी.