परवाचं वादळ

काचीगुड्यात कुठलीच गोष्ट वेळेवर सुरू होत नसे, पण दर वेळी चार-चारदा सुरू होण्याचा मान आमच्या शेजारच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या रविवारच्या प्रवचनाला होता. घंटा वाजवून साहेब उभे राहत, दोन वाक्यं होतात न होतात तोच दाराशी कुणीतरी चपला काढू लागे. लगेच साहेब थांबत. "या मावशी, गुडघा कसा आहे? बसा," म्हणत आणि प्रवचन पुन्हा पहिल्यापासून. वेळेवर येणाऱ्यांना एकच सुरुवात इतक्यांदा ऐकावी लागे की हळूहळू सगळेच शहाणे झाले आणि उशिरा येऊ लागले. मी एकदा म्हटलं, "साहेब, आल्यागेल्यासाठी थांबू नका." तर म्हणाले, "अहो वकीलसाहेब, बोलणं हे निमित्त. माणसं एका जागी यावीत म्हणून बोलायचं. एरवी देवाला माझी बडबड कशाला हवी?" मी तेव्हा एका वकिलाकडे नुसती उमेदवारी करत होतो, पण सनद मला साहेबांनी पहिल्याच भेटीत देऊन टाकली होती.

त्यांचा जन्म जालन्याकडचा, हयात मात्र हैदराबादेत गेलेली. इथल्या दखनीत 'परसों' म्हणजे मागचा कुठलाही दिवस, मग तो गेल्या आठवड्यातला असो की आजोबांच्या लग्नाचा. साहेबांनी तो परसों जसाच्या तसा मराठीत आणून बसवला होता. 'परवा प्रभू तळ्याकाठी मासे भाजत होते' हे ते अशा थाटात सांगत, की वाटावं हे स्वतःच तिथे जेवून आलेत. माझी आई वाईची. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येई आणि ती पुटपुटे, "एवढा शिकलेला माणूस, पण काल-परवा कळत नाही!"

पुढे निजामाच्या संस्थानाचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसलेले ते धास्तीचे दिवस आले. माणसं मिळेल त्या गाडीनं सोलापूरकडे निघून गेली. साहेबांच्या प्रवचनाला येणारी मंडळीही पांगली. कित्येकांचा ठावठिकाणा नव्हता. साहेब गौलीगुड्यापासून स्टेशनापर्यंत ज्याला त्याला विचारत फिरत. एका रविवारी घंटा वाजली आणि कुणीच आलं नाही. थोड्या वेळानं साहेब आमच्या दारात उभे.

"वकीलसाहेब, जरा येऊन बसता का? नक्को म्हणू नका."

"पण मी तुमच्यातला नाही."

"बसायला काय लागतं? प्रार्थना मी घरी एकटाही करतो. उपासनेला दुसरं माणूस लागतं."

मी घुटमळलो. आईनं मात्र चुलीवरचं पातेलं उतरवलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चल रे. माणूस बोलवायला आलाय."

रिकाम्या बाकांकडे न बघता साहेब बोलू लागले. "परवा समुद्रात मोठं वादळ झालं. होडीत पाणी शिरलं. माणसं ओरडायला लागली..."

"अगंबाई, परवा?" आई उठून उभीच राहिली. त्या परवाची तिनं आजवर एवढी टिंगल केली होती, पण त्या दिवसांत वाईट बातमी कानावर पडली की ती खरीच वाटे. "मग? वाचली का माणसं?"

होडी बायबलमधली, दोन हजार वर्षांपूर्वीची; मला हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. ते खाली उतरून तिच्यासमोर आले. "वाचली, माई," ते म्हणाले, "सगळी वाचली." आणि पहिल्यांदाच त्यांची नजर रिकाम्या बाकांवरून फिरली. त्या होडीत त्यांना कोण दिसत होतं ते मला तेव्हा कळलं, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. प्रवचन तिथेच राहिलं. आम्ही तिघं नुसते बसून होतो. इतका धीर मला त्या दिवसांत दुसरीकडे कुठेच मिळाला नाही.

मग दिवस पालटले. बहुतेक मंडळी एकेक करून परतली. दाराशी चप्पल वाजली की प्रवचन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, आणि आता त्यावर कुणी कुरकुर करत नसे.

साहेबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेले तरुण पाळक वक्तशीर आहेत. घड्याळ बघून सुरू करतात, घड्याळ बघून संपवतात. मध्ये एकदा ते आमच्याकडे चहाला आले होते. बोलता बोलता त्यांनी आईला विचारलं, "आधीचे पाळकसाहेब वारले कधी?"

आईनं कपबशी खाली ठेवली.

"परवाच गेले हो," ती म्हणाली.