खाटेखालची घोरपड

माझा उजवा पाय एकदा वीस मिनिटं एका घोरपडीच्या तोंडासमोर लोंबकळत होता. त्याच्या जरा आधी मी वडिलांना समजावत होतो, की जंगलाजवळ राहणं त्यांना झेपणार नाही.

आई गेल्यावर बाबांनी नागपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार महिने काढले आणि एका सकाळी पिशवी उचलून उमरेडकडच्या शेतावर निघून गेले. तिथे टिनाच्या छपराची एक खोली, एक विहीर आणि बांध संपला की जंगल. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. माझी बायको सुनंदा काळजीनं अर्धी झाली. एका रविवारी तिनं मला बजावलं, "आज बाबांना घेतल्याशिवाय येऊ नका."

मी पोचलो तेव्हा बाबा अंगणात तूर पाखडत होते. गाडीतून उतरतो न उतरतो तोच छपरावरून एक वानर बॉनेटवर आलं, शांतपणे वायपर उपटला आणि घेऊन गेलं.

"पाहा बाबा, हे असं आहे इथं."

"काच तर ठेवली न त्यानं," बाबा म्हणाले. "चल, चहा घे."

खोलीत मी मुद्दे मांडायला सुरुवात केली. साप, रानडुकरं, बिबट्या. बाबा चहा गाळत म्हणाले, "बोल तू. मी ऐकून राहिलो."

बिबट्यापर्यंत आलो आणि उघड्या दारातून हातभर लांबीचं काहीतरी सरपटत आत शिरलं. बाबांनी मान वळवून पाहिलं. "घोरपड आहे. कोंबड्यांच्या अंड्यांसाठी येते."

तोवर मी खाटेवर उभा होतो. (पन्नाशीचा माणूस एवढी उडी मारू शकतो, हे मलाही नवीन होतं.) खाटेची नवार जुनी. ती फाटली, माझा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला, आणि माझ्या आवाजानं घाबरलेल्या घोरपडीनं लपायला नेमकी खाटेखालचीच जागा निवडली.

"हलू नको," बाबा म्हणाले. "दोघंबी भेऊन राहिले तुमी."

"चावते का?"

"आजवर तर नाही चावली. पण तिच्या अंगावर असा पाय बी कोणी नव्हता सोडला."

बाबांनी मागचं दार उघडलं आणि भिंतीला टेकून बसले. "आता ती आपल्या मनानं जाईन."

आम्ही वाट पाहू लागलो. कित्येक वर्षांत मी वडिलांसमोर इतका वेळ एका जागी थांबलो नव्हतो. शेवटी हळूच विचारलं, "बाबा, घरी काही कमी पडलं का?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"कमी काहीच नाही पडलं. पण तुझ्या आईचं नाव काढलं का तुमी सारे विषय बदलता. मले वाईट वाटू नये म्हणून. इथं मी तिच्याशी मोठ्यानं बोलतो. कोणी टीव्ही नाही लावत."

टीव्ही लावणारा मीच होतो.

पायाला काहीतरी खरखरीत घासून गेलं. "गेली," बाबा म्हणाले. माझे डोळे भरले होते. बाबांना वाटलं, पाय दुखतोय. पाय काढला तर तोही खरंच दुखत होता. घोटा टम्म सुजला होता, गाडी चालवणं शक्य नव्हतं.

बाबांनी खोलीला कुलूप लावलं, कोंबड्या शेजारच्या शेतकऱ्याकडे सोपवल्या आणि मला मागच्या सीटवर आडवं करून स्टिअरिंगवर बसले. (त्यांनी लायसन मागच्याच वर्षी नव्यानं करून घेतलं होतं. माझं संपलंय, हे मला त्या दिवशी कळलं.)

सुनंदानं दार उघडलं. "आणलं न बाबांना?"

"मीच आणलं याले," बाबा म्हणाले.

ते आठ दिवस राहिले. माझा पाय शेकला, मला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेलं. रोज संध्याकाळी आम्ही आईबद्दल बोललो. तिच्या फसलेल्या पाककृतींवर तर दोन संध्याकाळी गेल्या. टीव्ही बंदच होता. नवव्या दिवशी बाबांनी पिशवी भरली तेव्हा सुनंदानं त्यांना अडवलं नाही.

जिन्याशी थांबून ते तिला म्हणाले, "पुढच्या खेपेला तू बी ये वं पोरी. याले एकट्याले तिकडे धाडत नको जाऊ. याच्याच्यानं नाही झेपत."