कोरडी वाळू

भट्टीवरच्या लोखंडी पत्र्यावर वाळू तापलेली असे आणि दौलूकाका लाकडी फावडीने ती खालीवर करत असत, वाळवणाला हात फिरवणाऱ्या बाईच्या मायेने. मग मूठभर वाळू उचलून बोटांच्या फटींतून सोडायचे. ती साखरेसारखी सरसर ओघळली की डोळे मिचकावून म्हणायचे, "झाली. आता हिला घाटाचं भ्या न्हाय."

तो उबदार, किंचित जळका वास… कोल्हापूर स्टेशनामागच्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कोळशाचा धूर होता, दिवाळीच्या तोंडावर गुऱ्हाळांवरून येणारा काकवीचा गोड दर्प होता, पण मला आठवतो तो तापल्या वाळूचा वास. माझे वडील वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. गुळाच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, ओढत त्यांची गाडी साताऱ्यापलीकडच्या घाटात चढायची. चढावर चाकं रुळांवर घसरू लागली की इंजिनातल्या पेटीतून, बारीक नळीवाटे, चाकांपुढे वाळू सोडायची. मग चाकांना पकड येते. पण वाळू हवी खडखडीत कोरडी. ओली वाळू नळीत गच्च बसते आणि ऐन चढावर ड्रायव्हरचे हात रिकामे राहतात. ती वाळू वाळवून, चाळून, बादल्या भरून ठेवणं हे दौलूकाकांचं काम. वडील म्हणत, "माझा जीव दौलूच्या मुठीत असतो."

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. ऐकूनही मी ते केलं, म्हणून सांगते आहे.

मी नऊ वर्षांची होते. दिवाळीचा किल्ला आम्हा मुलींचा यंदा पहिला यायलाच हवा, अशी ईर्षा. उतारांवर अळीव पेरून हिरवळ उगवली होती, मावळे उभे होते, फक्त पायथ्याशी मैदान हवं होतं — मऊ, पिवळं, एकसारखं. काका जेवायला गेल्यावर मी भट्टीच्या खोलीत शिरले आणि चाळलेल्या वाळूच्या दोन बादल्या परकर सावरत, एकेक करून, घरामागे नेऊन ओतल्या. रिकाम्या बादल्या दिसल्या तर काका रागावतील म्हणून बाहेरच्या ढिगातली, पंचगंगेवरून आलेली दमट वाळू त्यांत भरली. वर थापटून सारखी केली. वरचा थर तरी कोरडा दिसावा म्हणून पत्र्यावरची चिमूटभर गरम वाळूही भुरभुरली… नऊ वर्षांच्या मुलीला एवढी अक्कल कुठून आली, हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही.

वडील दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. आईने दिलेला चहा तसाच ठेवून सांगू लागले. घाटात चाकं घसरली, नळी तुंबली, गाडी मागे सरकू लागली. ब्रेक कसाबसा लागला. कुणाला खरचटलंही नाही. पण संध्याकाळी दौलूकाका ओट्यावर येऊन उभे राहिले आणि दाराआडून मी वडिलांचा आवाज ऐकला.

"दौलू, तुझ्या हातनं असं कसं झालं?"

"चुकलं आसंल, डायवरसाहेब. सणाची घाई हुती."

वडिलांनी चौकशीच्या जबाबात "वाळू ओली होती" एवढंच लिहिलं. खरंच होतं ते. काकांना भट्टीवरून काढून इंजिनांची राख उपसायच्या खड्ड्यावर घातलं. दरवर्षी आमचा किल्ला बघायला येणारे काका त्या वर्षी आले नाहीत. किल्ल्याला पहिला नंबर मिळाला. बक्षिसाचं स्टीलचं फुलपात्र मी आजवर तोंडाला लावलेलं नाही.

वडील गेले. त्यांना मी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं, जतन करून ठेवलेलं एक वाफेचं इंजिन हौशी प्रवाशांना घेऊन त्याच घाटात चढणार आहे. मी पेठ वडगावला गेले. ऐंशी ओलांडलेले दौलूकाका मुलाच्या दारात उन्हाला बसले होते. "वाफंचं इंजन? चल की पोरी! मरायच्या आदी एकदा बघू दे."

त्या गाडीच्या डब्यात एका तरुणाने त्यांच्यापुढे मोबाईल धरला. काका म्हणाले, "फोटू इंजनाचा काढा की, पावणं. माझं त्वांड काय चढ चढत न्हाय!" सगळे हसले. मी हसू शकले नाही. चढ जवळ येत होता.

आणि तेच झालं. इंजिनाची लय एकाएकी तुटली, चाकं जागच्या जागी गरगरली, डबा थरथरला… काका खिडकीबाहेर झुकून पुटपुटले, "वाळू सोड. वाळू सोड रं बाबा." क्षणभर काहीच नाही. मग कर्र आवाज — आणि गाडीने रूळ धरले.

काका मागे टेकले. स्वतःच्या तळव्याकडे बघत म्हणाले, "त्या येळंला माझी वाळू वली ऱ्हायली. कशी ऱ्हायली, आजून कळंना बघ."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. वरून भुरभुरलेली चिमूटही.

काकांनी तळवा मिटून घेतला. मग त्यांनी विचारलं, "किती घेटलीस?"

"दोन बादल्या."

"किल्ल्याला?"

"हो."

"इतकी वर्सं झाली, पोरी, मीठ घेटलं तरी मी दोनदा चोळून बघतोय. ह्या हातावरचा इस्वासच गेलता माझा." ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

घाटमाथ्यावर ते काठी टेकत एकटेच इंजिनापाशी गेले. फायरमनशी काही बोलले. परतले तेव्हा मूठ मिटलेली होती. माझा हात ओढून त्यांनी ती वाळू माझ्या तळव्यावर सोडली.

"सांग. वाळलीया का?"

मी बोटांनी चोळली. "वाळलीय, काका."

"एकदाच बघून सांगत्यात व्हय?" म्हणाले, आणि डब्याकडे वळले. परतीच्या वाटेवर ते खिडकीकडे तोंड करून बसले. त्यानंतर मी दोनदा वडगावला फोन केला. काका झोपलेत, असं सूनबाई म्हणाल्या.

ती वाळू मी त्या फुलपात्रात ठेवली आहे, स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. हवा जरा दमट झाली की मी बोटं घालून बघते. कोरडी असते. थोड्या वेळाने पुन्हा बघते…